शेळपट कोणाला म्हणायचं?

(तेर, जि. धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागं आवाज पोचतोय ना? पोचतोय म्हणताय, मग सुरू करू.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'मराठीतले भित्रे'. त्यांना वाटलं मी लेखकांची उणीदुणी काढणार. (हशा) तसं काही नाही. भित्र्या, दुबळ्या, माघार घेणाऱ्या माणसाला आपली भाषा काय काय म्हणते, ते शब्द कुठून आले आणि ते काय झाकून ठेवतात, एवढंच बोलायचं आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. धैर्य म्हणजे काय, यावर किती तास घेतले याचा हिशोब नाही. भित्रेपणावर मात्र एकही घेतला नाही. ती बाकी आज फेडतो.

हा विषय डोक्यात शिरला एका मयतीला. नाव-गाव सांगत नाही. आपला जिल्हा आत्महत्याग्रस्त म्हणून सरकारनं धरलेल्या १४ जिल्ह्यांतला, त्यामुळं अशी मयत इथं बसलेल्या बहुतेकांनी पाहिलेली असणार. राख सावडायला जमलो होतो. लिंबाखाली माणसं बसलेली. त्यातला एक जाणता, चार ठिकाणी ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस म्हणाला, "शेळपट निघाला. कर्ज काय त्याला एकट्यालाच होतं?" कुणी काही बोललं नाही. त्या शेतकऱ्याचा अकरावीतला पोरगा पाच-सहा हातांवर उभा होता, त्यानं ऐकलं. मी तत्त्वज्ञानाचा डॉक्टर, मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला कोणता शब्द लावायचा ते तुम्ही ठरवा.

घरी आलो आणि महाराष्ट्र शब्दकोश काढला. दाते-कर्व्यांचा, १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला. तो जवळ घेऊन कागदावर शब्द उतरवत गेलो. भित्रा, भ्याड, भेकड, भेदरट, घाबरट. शेळपट, नेभळट, मेंगळट, पुळचट, बुळगा, लेचापेचा. बायल्या, भागूबाई. षंढ, नामर्द. गोगलगाय, गरीब गाय. मुखदुर्बळ, पळपुटा, रडतराऊत. शूर माणसाला एवढे शब्द नाहीत हो! शूर, वीर, धीट, धाडसी, मर्द... मग शोधाशोध करावी लागते. भित्र्याला मात्र भाषेनं दोन्ही हातांनी वाटलंय.

यादीकडं नीट पाहिलं तर एक गोष्ट दिसते. पहिले चार-पाच शब्द सोडा, ते सरळ 'भिणे', 'घाबरणे' यातून आले. बाकीच्या बऱ्याच शब्दांत भीती कुठंच नाही. त्यात शेळी आहे, गाय आहे, बाई आहे, तृतीयपंथी माणूस आहे. म्हणजे भित्र्याला शिवी देताना आपण ती दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात नेऊन टाकतो.

शेळीपासून सुरुवात करू, कारण ती घरची आहे. सगळ्या देशात आपल्या जिल्ह्याचं नाव कशामुळं माहीत आहे? तुळजाभवानीमुळं, आणि पशुवैद्यकाच्या पुस्तकात शेळीमुळं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळी अजून उस्मानाबादीच आहे. बहुतेक काळी, उंच पायांची, दोन-दोन करडं देणारी. दुष्काळात गाय विकावी लागते, बैल छावणीला न्यावे लागतात, शेळी बाभळीच्या शेंगांवर आणि बोरीच्या पाल्यावर निघून जाते. धनगर मेंढरांच्या कळपात चार शेळ्या का ठेवतो? ओढा आला, नवी वाट आली, की मेंढरू थबकतं. शेळी पुढं होते, मग तिच्यामागं कळप उतरतो. १९७२ च्या दुष्काळात आमच्या शेजारच्या घरातली चूल जी काही पेटली ती दोन शेळ्यांच्या दुधावर. आणि त्याच घरातला म्हातारा पोराला ओरडायचा, "शेळपटासारखा काय बसलास?" शेळी बाहेर दावणीला रवंथ करत ऐकत असायची. (हशा)

बरं, ही फक्त मराठीची खोड नाही. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. दफ्तर उर्दूत, शाळा उर्दूत. माझ्या वडिलांच्या पिढीच्या तोंडी 'बुजदिल' हा शब्द सहज यायचा. फारसीत 'बुज' म्हणजे शेळी, 'दिल' म्हणजे काळीज. बुजदिल म्हणजे शेळीच्या काळजाचा! इराणातून आलेला शब्द आणि बालाघाटातला शब्द, दोघांनी एकाच जनावराला धरलं. का? माझा अंदाज सांगतो. शेळी भित्री असते म्हणून नव्हे. शेळी कापली जाते म्हणून. संस्कृतात एक जुनं सुभाषित आहे. त्याचा आशय असा की बळी घोड्याचा देत नाहीत, हत्तीचा देत नाहीत, वाघाचं तर नावच नको, बळी जातो बकरीच्या पिलाचा. देवसुद्धा दुबळ्यालाच मारतो. तुळजापूरला नवरात्रात अजाबळी होतो, तो आपण सगळ्यांनी पाहिलाय किंवा ऐकलाय. मी त्या प्रथेवर बोलायला आलेलो नाही. मी क्रमावर बोलतोय. आधी ज्याच्यावर सुरी चालते असं जनावर ठरलं. मग ते जनावर मुळातच भित्रं आहे असं ठरलं. सुरीबद्दल शब्द नाही, शेळीबद्दल आहे.

आता बाईकडं येऊ. 'बायल्या', 'भागूबाई', आणि 'बांगड्या भरा' हा वाक्प्रचार. आमदारकीच्या सभेत आजही अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतात आणि त्यात बायका पुढं असतात, ही मोठी गंमत. संस्कृत काव्यात नायक नायिकेला लाडानं 'भीरु' म्हणून हाक मारतो. भित्रे, अगं भित्रे! म्हणजे भीती हा बाईचा दागिना आणि तीच भीती पुरुषाच्या अंगावर आली की शिवी. ज्या बाईनं रात्री-अपरात्री मोटर चालू करायला विहिरीवर जायचं, विंचू-काट्यातून सरपण आणायचं, तिच्या नावानं भित्र्या पुरुषाला हाक मारायची.

इथं मला अर्जुनाची आठवण होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण त्याला दटावतो तो 'क्लैब्य' हा शब्द वापरून. क्लैब्य म्हणजे क्लीबपणा, षंढपणा. पण हा अर्जुन कुठून आलाय? वर्षभर विराटाच्या राजवाड्यात बृहन्नडा होऊन, बायकी वेशात, राजकन्येला नाच शिकवून आलाय. आणि त्याच वेशात काय घडलं? विराटाचा पोरगा उत्तर, अंतःपुरात मोठमोठ्या बाता मारणारा, कौरवांची सेना पाहिली आणि रथातून उडी टाकून पळाला. त्याच्यामागं धावून, त्याला धरून आणून सारथ्याच्या जागी बसवलं कुणी? त्या बृहन्नडेनं. म्हणजे आपल्याच महाभारतात मर्दाच्या वेशातला पळतो आणि क्लीबाच्या वेशातला लढतो. कथा एवढं सांगते, तरी भाषेनं काही घेतलं नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. आपल्या तोंडातले शब्द अजून त्या निकालापर्यंत पोचलेले नाहीत.

'खच्ची' शब्द घ्या. 'मनाचं खच्चीकरण' असं आपण पेपरात वाचतो, अर्थ वाईट. पण शेतकऱ्यांनो, मला सांगा, औताला कोणता बैल धरता? खच्ची केलेलाच ना? वळू कुणी नांगराला जुंपतं का? ज्वारी-तूर पिकली ती त्या बैलाच्या खांद्यावर. पोळ्याला त्याचीच पूजा आणि शिवीतही तोच.

इंग्रज काही वेगळे नाहीत, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आपलीच भाषा दुष्ट. त्यांचा 'कॉवर्ड' जुन्या फ्रेंचमधून आला आणि मुळाशी लॅटिन शेपूट आहे. आपण 'शेपूट घालणे' म्हणतो ना, तेच चित्र. 'सिसी' हा शब्द बहिणीवरून, म्हणजे तिकडची भागूबाई. 'मिल्कसॉप' म्हणजे दुधात भिजवलेला पाव, आणि हा शब्द चौसरच्या काळापासूनचा, सहाशे वर्षांहून जुना. अमेरिकेत १९२४ च्या सुमाराला वेब्स्टर नावाच्या व्यंगचित्रकारानं एक भित्रा गृहस्थ काढला, त्याचं आडनाव मिल्कटोस्ट, आणि ते आडनावच पुढं शब्द झालं. आपल्याकडं 'वरणभात खाणारा' म्हणतात, तिकडं दूध-पाव. मऊ खाणारा भित्रा, हे गणित सगळीकडं एकच दिसतं. आजारी माणूस आणि लहान मूल मऊ खातं, एवढाच त्याचा आधार.

पण यादीतला मला सगळ्यात जास्त छळणारा शब्द आहे 'पळपुटा'. हा शब्द ऐकला की पुढं आपोआप 'बाजीराव' येतो. दुसरा बाजीराव. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हा पर्वतीवरून बघत बसला, मग पुणं सोडलं, महिनोनमहिने इंग्रजांच्या पुढं पळत राहिला आणि जून १८१८ मध्ये माल्कमच्या स्वाधीन झाला. माणूस काही कौतुकाचा नव्हता, मी त्याचा वकील नाही. पण एका माणसाच्या पायांवर आपण अख्ख्या राज्याचा पराभव टाकून मोकळे झालो. सरदार फुटले होते, तैनाती फौजेचा करार १८०२ सालीच वसईला झाला होता. हे सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं गेलं.

आणि आता पलीकडचं पाहा. १६६६ साली शिवाजी महाराज आग्र्याहून निघाले. त्याला आपण म्हणतो 'सुटका'. १६६० साली पन्हाळ्याहून रात्री निघाले. त्याला म्हणतो 'निसटणं'. १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगड सोडून जिंजीला गेले, आणि त्या जाण्यामुळं स्वराज्य टिकलं असं इतिहासकार सांगतात. तिन्ही वेळा शत्रूकडं पाठच होती. गनिमी काव्याचा अर्धा भाग पळणं हाच आहे! म्हणजे पाय तेच, रात्र तीच; शब्द कोणता मिळणार ते पुढं काय झालं यावर ठरतं. जिंकलात तर सुटका, हरलात तर पळपुटेपणा. हा शब्द माणसाच्या मनाबद्दल काही सांगत नाही, निकालाबद्दल सांगतो.

प्लेटोचा 'लॅकीस' नावाचा छोटा संवाद आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो दरवर्षी वाचायला लावायचो आणि ते दरवर्षी वाचायचे नाहीत. (हशा) त्यात सॉक्रेटिस एका सेनापतीला विचारतो, धैर्य म्हणजे काय? सेनापती म्हणतो, सोपं आहे, जो आपली जागा सोडत नाही, पळत नाही, तो धैर्यवान. सॉक्रेटिस विचारतो, मग सिथियन लोकांचं काय? ते तर पळता पळता लढतात. सेनापती अडकतो. आपल्या मातीतल्या माणसाला त्या प्रश्नाचं उत्तर लगेच सुचायला हवं होतं, नाही का? तरी आपण त्या सेनापतीच्याच बाजूचे राहिलो.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. १९४८ च्या उन्हाळ्यात माझे वडील, आजी आणि दोन चुलते रात्रीचे गाव सोडून बार्शीला गेले. बार्शी म्हणजे सोलापूर जिल्हा, निजामाच्या हद्दीबाहेर. रझाकारांच्या भीतीनं आपल्याकडची कितीतरी घरं त्या वर्षी अशी हद्द ओलांडून गेली. पोलीस ॲक्शन सप्टेंबरात झाली, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, वडील परत आले. गावात जे राहिले होते त्यांच्यातला एक जण पुढं वीस वर्षं, पंगतीत, पारावर, वडिलांना 'बार्शीकर' म्हणायचा. शिवी नव्हती हो, नुसतं गावाचं नाव. पण सगळ्यांना अर्थ कळायचा. वडील खाली मान घालून जेवायचे.

आणि त्या सप्टेंबरनंतर भीतीनं घर बदललं. हेही बोलायला हवं. मराठवाड्यात आपण मुक्तिदिन साजरा करतो, करायलाच हवा. पण सुंदरलाल समितीनं जे जिल्हे सगळ्यात जास्त होरपळले म्हणून नोंदवले त्यात उस्मानाबाद आहे, आणि तेव्हा मारली गेली, लपली, पळाली ती मुसलमान माणसं होती. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशीही. वडील सांगायचे, गावातला एक शिंपी आठ दिवस कडब्याच्या गंजीत होता. त्याला कुणी पळपुटा म्हणालं नाही, कारण त्याच्याबद्दल कुणी काही बोललंच नाही. वडिलांना एक टोपणनाव तरी मिळालं.

आता थोडं व्याकरण. कंटाळू नका, दोन मिनिटं. मराठीत आपण म्हणतो, 'मला भीती वाटते'. जसं 'मला तहान लागते', 'मला थंडी वाजते'. इथं 'मी' कर्ता नाही. भीती बाहेरून येते आणि मला लागते. आपल्या भागात तर आणखी सुरेख, 'मला भ्या वाटतंय'. म्हणजे भाषेच्या हाडात हे शहाणपण आहे की भीती ही येणारी-जाणारी गोष्ट आहे, आणि ती कशाची तरी असते. सापाची, सावकाराची, बँकेच्या नोटिशीची. ॲरिस्टॉटलनं हेच सांगितलं. त्याच्या मते धैर्यवान माणूस न भिणारा नसतो. ज्याचं भय वाटायला हवं त्याचं, वाटायला हवं तेवढं त्याला वाटतं. ज्याला कशाचंच भय नाही त्याला तो वेडा किंवा बधिर म्हणायला तयार आहे.

पण 'शेळपट', 'नेभळट', 'भागूबाई' म्हटलं की काय होतं? 'मला' जातं आणि 'तू' येतो. तू शेळपट आहेस. कशाची भीती, हा प्रश्नच मिटला. बँकेची नोटीस गेली, बोंडअळी गेली, सोयाबीनचा भाव गेला. उरला फक्त तुझा स्वभाव. शिव्या वाईट असतात म्हणून मी तक्रार करत नाहीये. शिव्या मलाही येतात. माझी तक्रार अशी की हे शब्द चौकशी थांबवतात.

इंग्रजांनी तर असल्या शब्दाचं सरकारी धोरण केलं. काही जाती 'लढवय्या' आणि बाकीच्या नाहीत, असं फायलीत लिहिलं आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांनी पिढ्यानपिढ्या त्याच सैन्यात नोकरी केली होती त्यांची! अर्जविनंत्या झाल्या. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. एक विशेषण पुसायला जवळपास पन्नास वर्षं. त्या मानानं 'बार्शीकर' लवकर पुसलं गेलं म्हणायचं.

मग मराठीत दुसऱ्या तऱ्हेचा शब्दच नाही का? आहे. आणि तो इथला आहे, या तेरचा. ही गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमलेली. मुक्ताबाईनं थापटणं पाहिलं आणि विचारलं, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग यातली मडकी बघा म्हणाली. काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे कळवळले, रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

कीर्तनात या गोष्टीला लोक हसतात, नामदेवाची फजिती म्हणून. मी वेगळं ऐकतो. एक कुंभार बोलतोय. कुंभाराच्या तोंडी 'कच्चं' ही शिवी असूच शकत नाही. जगातलं प्रत्येक पक्कं मडकं काल कच्चं होतं. कच्चं म्हणजे अजून आव्यात गेलेलं नाही, एवढंच. गोष्टीत नामदेव पुढं विसोबा खेचरांकडे जातात, आणि मग कुठल्या कुठं, पार पंजाबपर्यंत जातात. काकांनी त्यांना 'शेळपट' म्हटलं असतं तर जायला वाट कुठली उरली असती? शेळीनं आव्यात जाऊन काय व्हायचं? (हशा)

माझी एक शंका मात्र आहे, ती काकांच्या पायाशी ठेवतो. ओरडला तो कच्चा, गप्प बसला तो पक्का, हे माप मला पुरतं पटत नाही. त्या लिंबाखाली आम्ही सगळे गप्पच होतो. आणि तो शेतकरीही, त्याची बायको नंतर सांगत होती, वर्षभर काही बोलला नव्हता. बोलला असता तर त्याला काय म्हणाले असते, ते त्याला ठाऊक होतं.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

(पहिले दोन प्रश्न शब्दांच्या व्युत्पत्तीबद्दल होते, ते गाळले आहेत. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतून एक वयस्क बाई उठल्या. माइक नको म्हणाल्या. त्यांचं बोलणं आठवणीतून देतो आहे.)

"सर, माझ्या दारात आठ शेरडं हायती. तुमी म्हणला शेळी भित्री नसती, ते खरंय. पण तिला तसं का म्हणत्यात ते मी सांगू का? खाटकानं मेंढरू नेलं तर गप जातं. मान खाली घालून जातं. शेळी वरडती. वेशीपतुर वरडती, सगळ्या गावाला ऐकू जातं. म्हणून."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. मी वहीत लिहून घेतलं.